स्वच्छ नकार

कलकत्त्यात तोंडावर नाही म्हणणारा माणूस भेटत नाही, हे आमच्या सरांचं कायमचं दुखणं होतं. खरं तर माल विकणाऱ्याला असं गाव आवडायला हवं. कुणी हाकलत नाही, दारात ताटकळत ठेवत नाही. उन्हातून आलात म्हणून पंखा तुमच्याकडे वळवतात, चहा मागवतात, वर एखादा संदेश, म्हणजे पनीरसारख्या छेन्याची मिठाई, हातावर ठेवतात, आणि तुम्ही मुद्द्यावर आलात की मान डोलावून म्हणतात, "देखछि." म्हणजे बघतो. सर दुकानाबाहेर पडले की फुटपाथवरच कपाळाला हात लावायचे. "बघतो म्हणजे काय बघतो? एकदा नाही म्हणून टाक की बाबा. तू मोकळा, मी मोकळा."

आम्ही मिठाईच्या दुकानांना काचेचे थंड काउंटर विकायचो. नवऱ्याची बँकेतली बदली कलकत्त्याला झाली म्हणून मी नाशिकची बरी चाललेली नोकरी सोडून तिकडं गेले होते, आणि घरात बसून भिंती बघायचा वीट आल्यावर या कंपनीत सेल्सला लागले. शाखा म्हणजे सियालदहजवळच्या एका जुन्या इमारतीत दोन खोल्या आणि एक कुरकुरणारा एसी. सर शाखाप्रमुख. मूळचे सांगलीचे, पन्नाशी ओलांडलेले, सडसडीत, आणि सतत कुठल्यातरी गाडीला उशीर होत असल्यासारखे. मुलाखतीला त्यांनी माझ्या अर्जाकडे बघितलंसुद्धा नाही. मी मराठी आहे कळल्याबरोबर 'तुम्ही'वरून 'तू'वर आले आणि म्हणाले, "तुला लोकांनी नाही म्हटलेलं चालतं का?"

मी पुस्तकी उत्तर दिलं. नाहीचं हो कसं करायचं ते मला जमतं, वगैरे.

"हो मिळवणारे ढीगभर आहेत," ते म्हणाले. "मला नाही मिळवणारी माणसं हवीत. आठवड्याला दोन तरी स्वच्छ नकार आणायचे. होकार आले तर येऊ देत, मी तक्रार करणार नाही."

मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. घरी जाऊन नवऱ्याला तसं सांगितलंही.

त्यांचं म्हणणं असं, की विक्री करणाऱ्याचा दिवस नकारात जात नाही, 'बघू'त जातो. एका 'बघू'साठी माणूस बेहालापर्यंत चार वेळा जातो, चार वेळा चहा पितो, आणि ऑफिसात येऊन सांगतो की ऑर्डर जवळजवळ पक्की आहे. या 'जवळजवळ'ची त्यांना ॲलर्जी होती. कुणी तो शब्द उच्चारला की ते खुर्चीतून उठायचे. अर्थात खुर्चीत ते क्वचितच असायचे. फोन चालता चालता, जेवण खिडकीशी उभ्यानं, आणि मीटिंग म्हणजे दोन खोल्यांमधल्या दारात एक पाय आत, एक पाय बाहेर.

त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटरशेजारी मिसळणाचा डबा असायचा. खराखुरा, स्टीलचा, आत सात वाट्या. त्यात हळद-मोहरीच्या जागी गिऱ्हाइकांची व्हिजिटिंग कार्डं. मधल्या वाटीत होकार, दोन वाट्यांत नकार, आणि उरलेल्या सगळ्यांत बघू. त्या वाट्यांचेही त्यांनी प्रकार पाडले होते. नुसतं बघू, मुलाशी बोलून बघू, भाऊ दिल्लीहून आल्यावर बघू, आणि सगळ्यांत मोठी गर्दी 'पूजोर पोरे'ची, म्हणजे दुर्गापूजेनंतर बघू. चैत्रातसुद्धा लोक त्यांना पूजेनंतर या म्हणायचे. कार्डं वाटीत बसेनात म्हणून सरांनी कात्रीनं त्यांचे कोपरे गोल कापले होते. कंपनीनं आम्हाला याच कामासाठी एक ॲप दिलं होतं, त्यात ते इमानेइतबारे माहिती भरायचे, पण सकाळी आल्यावर उघडायचे तो डबाच. ऑफिसातल्या बंगाली मंडळींना वाटायचं की ही महाराष्ट्रातली काहीतरी पूजा असावी.

फोनमध्ये अलार्म तर इतके, की दिवसभर आमच्याकडे कुठलीतरी धून वाजतच असायची. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी धून. बासरी वाजली की सियालदहच्या ठोक बाजारातला दूधवाला, ढोल वाजला की बेहालाचे दोघे भाऊ. आम्हालाही त्या पाठ झाल्या होत्या. फक्त एक सनई अशी होती, की ती सुरू झाली की सर खिशात हात घालून न बघताच ती बंद करायचे.

नकार काढण्याचं त्यांचं तंत्र बघण्यासारखं होतं. गोड बोलणं नाही, दमदाटी नाही. ते नुसते काउंटरसमोर उभे राहायचे, आणि मालकाला त्याचं वाक्य स्वतःच द्यायचे. "दादा, म्हणा, मला तुमचं काउंटर नको." मालक कासावीस व्हायचा. हसायचा, नोकरावर ओरडायचा, आणखी एक चहा मागवायचा. सियालदहचा एक दुकानदार सरांना लांबून बघून मागच्या दारानं सटकायचा. सरांनी मला मागच्या दाराशी उभं केलं. मी त्याला "नमस्कार दादा" म्हटल्यावर तो बिचारा इतका ओशाळला, की तिथल्या तिथं नकार देऊन टाकला, आणि वर मला रिक्षापर्यंत सोडायला आला. सरांनी त्या दिवशी माझं जे कौतुक केलं, तसं मोठ्या ऑर्डरीलासुद्धा कधी केलं नाही.

आम्हालाही तोच न्याय होता. "सर, शुक्रवारी जरा..." "हो." "अजून मी सांगितलं नाही." "शुक्रवारी रजा हवीय. हो. पुढं बोल." किंवा तितक्याच झटक्यात, "नाही." सुरुवातीला मला ते तोडून टाकल्यासारखं वाटायचं, आणि मी एकदोनदा फुगूनही बसले. पुढं कळलं की या माणसाच्या हाताखाली रात्री झोप चांगली लागते. मनात काही लोंबकळत राहत नाही. कामही खरंच होत होतं. आमची शाखा लहान, पण टार्गेटच्या मागं कधी नसायची.

हे सगळं काकूंपुढं, म्हणजे सरांच्या बायकोपुढं, मी पहिल्यांदा कौतुकानं सांगितलं तेव्हा त्या कोथिंबीर निवडत होत्या. म्हणाल्या, "हो ना. साऱ्या गावाकडून यांनी नाही वदवून घेतलंय. एक हेड ऑफिस तेवढं राहिलंय."

ती सनई हेड ऑफिसला फोन करायच्या आठवणीची होती, हे मला तेव्हा समजलं.

सर कलकत्त्याला आले ते दोन वर्षांसाठी. काकूंची सांगलीत बालवाडी होती, मैत्रिणीबरोबर भागीदारीत काढलेली. दोन वर्षं तू सांभाळ, मग मी आलेच, असं मैत्रिणीला सांगून त्या निघाल्या होत्या. त्या दोन वर्षांची किती झाली ते काकू मोजून दाखवायच्या नाहीत, पण बेहालाच्या त्या भाड्याच्या घरात कपाट नव्हतं. हिवाळ्याचे कपडे खोक्यात, सणाची भांडी खोक्यात, खोक्यांवर चादर आणि चादरीवर टीव्ही. बदली कधीही होईल, कशाला सामान वाढवायचं, असं करत करत सगळी वर्षं गेली होती. रविवारी त्या बँकेतल्या, रेल्वेतल्या मराठी लोकांच्या मुलांना जमवून गाणी शिकवायच्या. मुलं "काकू, मेरे को पानी पाहिजे" म्हणायची, आणि काकू "मला पाणी हवंय" असं दहादा म्हणवून घ्यायच्या. शिकवताना त्यांचा आवाज बदलायचा. एरवी त्या घरात पाहुण्यासारख्या वावरायच्या.

सर बदलीसाठी अर्ज करत होते, हे खरं. हेड ऑफिसला फोनही करायचे. तिकडून साहेब म्हणायचे, बघतो. मार्चनंतर बघू. नवा माणूस मिळाला की बघू. आणि आमचे सर, साऱ्या कलकत्त्याला भंडावून सोडणारे सर, "बरं साहेब" म्हणून फोन ठेवायचे.

मी तिथं असतानाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात काकूंच्या मैत्रिणीचा निरोप आला. आता मला एकटीला झेपत नाही, जूनपासून तू येणार असशील तर हो म्हण, नाहीतर दुसरी भागीदार बघते. महिनाअखेरीपर्यंत सांग. काकूंनी हे मला भाजीवाल्यासमोर उभ्या असताना सांगितलं, पडवळ हातात धरून, अगदी साध्या आवाजात. मग म्हणाल्या, "यांना सांगितलंय मी. विचारा म्हटलं एकदा नीट." आणि त्यांनी पडवळ परत ठेवून दिलं.

त्यानंतर सरांचं उभं राहणंसुद्धा बदललं. आधी ते घाईत असायचे, आता सैरभैर दिसायचे. एका दुकानातून निघाले की पुढच्याचा पत्ता विसरायचे. सनई वाजली की बंद करायचे आणि मग उगाच दोन्ही खोल्यांतून चक्कर मारायचे. कार्डं या वाटीतून त्या वाटीत टाकून परत आधीच्या वाटीत. मला त्यांचा राग यायला लागला होता, आणि तो मी लपवत नव्हते.

बागबाजारातल्या एका म्हाताऱ्या मालकांबद्दल आता सांगायला हवं. पिढीजात दुकान, भिंतीला काळपट आरसे, आणि संदेश असा की जिभेवर ठेवला की बोलणं थांबायचं. हे बाबू सरांना बर्गी म्हणायचे. पूर्वी बंगालवर चाल करून येणाऱ्या मराठी घोडेस्वारांना तिथं बर्गी म्हणतात, त्यांच्या भीतीनं शहराला जो खंदक खणला तो बागबाजारापासूनच सुरू व्हायचा, आणि अजूनही त्यांचं नाव घेऊन पोरं झोपवतात. "आले बर्गी," असं बाबू आत ओरडून सांगायचे, "संदेश लपवा." आणि लगेच बशी पुढं यायची.

त्यांच्याकडून नकार काढायला सरांना फार दिवस लागले. शेवटी एका दुपारी, दुकान झोपेसाठी बंद व्हायच्या बेतात असताना, सर बशी बाजूला सारून म्हणाले, "आज संदेश नको, उत्तर हवं." बाबूंनी माझ्याकडं असहायपणे बघितलं. "उन्हातून आलेल्या माणसाला असं कसं म्हणायचं?" सर म्हणाले, "म्हणून बघा. काही होत नाही." बाबूंनी मान खाली घातली, आणि एखादं अशुभ तोंडातून काढावं तसं हळूच म्हणाले, "ना."

आणि मग त्यांचा बांधच फुटला. माझा संदेश गार काचेत ठेवला की छेना आकसतो. चव मिटून जाते. शिवाय संध्याकाळपर्यंत माझा माल संपतो, उरतच नाही तर गार कशाला करू? सर ऐकत राहिले. "हे आधी का नाही बोललात?" तर बाबू म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटलं असतं." रस्त्यात आल्यावर सर मला म्हणाले, "बघ, माणूस शंभर टक्के बरोबर आहे. नाही म्हणाला म्हणून कळलं." त्यानंतर त्यांनी बाबूंना काउंटरबद्दल अक्षर काढलं नाही, पण त्या बाजूला गेलं की दुकानात डोकावायचेच. विकायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे दोघांची छान मैत्री झाली.

तर महिनाअखेरीच्या त्या दिवसांत आम्ही तिथं गेलो. बाबूंनी विचारलं, "मिसेस कशा आहेत? त्यांची शाळा होती ना तुमच्या गावी? परत कधी जाताय?"

"हेड ऑफिस बघतंय," सर म्हणाले.

बाबू हात पुसत होते. ते थांबले. "बघतंय? मग त्यांच्याकडून 'ना' मागून घेतलं नाहीत?"

त्यात टोमणा नव्हता. बाबूंना खरंच आश्चर्य वाटलं होतं. सरांनी हातातला संदेश तसाच बशीत ठेवला, आणि "येतो" म्हणून बाहेर पडले. मी बाबूंना नमस्कार करून मागं धावले.

सियालदहपर्यंत आम्ही बसनं आलो. दोघंही उभे, आणि सर खिडकीबाहेर बघत एकटेच बोलल्यासारखं बोलत होते. "मला काय माहीत नाही होय, ते काय म्हणणार आहेत? माझ्या जागी इथं यायला कुणी तयार नाही. कुणी होणारही नाही. जोवर ते बघतो म्हणताहेत, तोवर आम्ही दोघं घरी सुखानं जेवतो."

"तुम्ही जेवता," मी म्हणाले. "काकूंचं मला काही खरं दिसत नाही."

साहेबाशी बोलायची ही रीत नव्हे, हे मला कळत होतं. पण ते रागावले नाहीत. स्टेशनसमोर उतरल्यावर, लोकलमधून उतरलेली गर्दी अंगावर येत असताना, त्यांनी फोन काढला आणि चालायला लागले. टोपल्या, हातगाड्या, हमाल, सगळ्यांतून वाट काढत ते पुढं आणि कॅटलॉगांची जड बॅग घेऊन मी मागं. तुकडे तुकडे ऐकू येत होते.

"नाही साहेब, प्रयत्न करतो हे उत्तर नाही... मार्च गेला, साहेब... नाही, मला वाईट वाटणार नाही... मी फोन ठेवत नाही, तुम्ही म्हणेपर्यंत थांबतो... सोपं आहे, मी सांगतो तसं म्हणा. म्हणा, तुझी बदली होणार नाही."

मग ते ऐकत राहिले. समोरून एक हातगाडीवाला "सोरे जान, सोरे जान" ओरडत आला, मी त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं. "थँक यू, साहेब," ते फोनमध्ये म्हणाले, आणि तो खिशात ठेवला.

"मिळाला," मला म्हणाले. "स्वच्छ."

मला वाटलं आता ते घरी जातील. पण त्या दुपारी आम्ही जितकी दुकानं केली तितकी आधी कधी केली नव्हती. सर भराभर बोलत होते, मापं घेत होते, विनोद करत होते. बेहालाच्या दोघा भावांनी तर चक्क ऑर्डर दिली, इतक्या दिवसांची, ढोलाच्या धुनेची. एरवी मी पेढे वाटले असते. त्या दिवशी मला सारखं वाटत होतं की यांनी कुठंतरी जरा टेकावं.

काकूंनी मला त्या संध्याकाळी थालीपिठं खायला बोलावलं होतं. बेहालातच होतो, म्हणून आम्ही चालतच निघालो. दाराशी आल्यावर सर म्हणाले, "तू काही बोलू नकोस. मी सांगतो." मी म्हटलं, बरं.

काकूंनी आम्हाला पाणी दिलं, पानं वाढली, आणि उभ्यानंच खाणाऱ्या नवऱ्याच्या हातात ताटली दिली. मग तवा उतरवून ठेवला आणि विचारलं, "केलात का फोन?"

"केला."

"मग?"

दुसऱ्यांची वाक्यं ज्यांच्या तोंडी तयार असायची, त्या माणसाकडं मी बघत होते. त्यांनी थालीपिठाचा तुकडा मोडला, लोण्यात बुडवला, आणि म्हणाले, "बघताहेत अजून. म्हणाले, थोडं थांब."

काकू माझ्याकडं वळल्या. "तू होतीस ना गं बरोबर?"

मी मान खाली घातली. ज्यांनी मला गावभरचे नकार गोळा करायला शिकवलं, त्यांना मिळालेला हा एक नकार मला काही तोंडातून काढता येईना. काकूंनी फार वेळ वाट बघितली नाही. माझं न बोलणं त्यांना पुरलं असावं. त्यांनी ओट्यावरचा फोन घेतला आणि आमच्यासमोरच सांगलीला लावला.

"हां, मीच गं. फॉर्म द्यायला सुरुवात कर. जूनच्या आधी येते मी... हो, पक्कं... नाही, आता कुणाला विचारायचं राहिलं नाही. हे इकडेच असतील... अगं, रडतेस काय, फॉर्म छापायला टाक आधी."

काकूंनी फोन ठेवला. सर ताटली हातात घेऊन उभे होते. काकू त्यांच्यावर चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही म्हणाले, असं सांगितलं असतंत ना, तर आपण दोघांनी बसून ठरवलं असतं काय करायचं. कदाचित मी इथंच काहीतरी सुरू केलं असतं. कदाचित नसतंही. पण दोघांनी ठरवलं असतं."

सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला अजून वाटतं की तेव्हा त्यांनी थांब म्हणायला हवं होतं. नुसतं तेवढंच. मीसुद्धा मनातल्या मनात त्यांना ते वाक्य देत होते. पण त्यांनी ताटली खाली ठेवली, हात धुतला, रुमालाला नीट पुसला, आणि फोन काढून तिकिटाचं पान उघडलं. आयुष्यभर जे काम समोर येईल ते त्यांनी लगेच हातावेगळं केलं होतं.

"पुण्यापर्यंतच मिळेल," ते म्हणाले. "पुढं एसटी."

"चालेल."

"खालचा बर्थ?"

"खालचा."

त्यांचं बोट स्क्रीनवर घुटमळत राहिलं. मी तिथून उठून जायला हवं होतं, पण उठायचा धीर होईना.

"एकच ना?" त्यांनी फोनवरून नजर न काढता विचारलं.

"एकच," काकू म्हणाल्या.